सतरा सेंटिमीटरची तार

आमचं घर ज्याने बांधलं त्याला कुणीतरी माझ्यासमोर आणून उभं करा, मला त्याच्याशी बोलायचं आहे. पवनीत आमच्या आळीतली विणकरांची सगळी घरं अशीच. रस्त्याकडे तोंड बारा फुटांचं, आणि आत चालायला लागलात की घर संपायचं नाव घेत नाही. पुढच्या खोलीत माझं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान. मग मधली खोली, मग स्वयंपाकघर, मग अंगण, अंगणात विहीर, आणि विहिरीच्या पलीकडे टिनाच्या छपराखाली मागघर. तिथे हातमाग आहे आणि मागावर माझे सासरे, म्हणजे मामाजी, आहेत. तिथून त्यांनी हाक मारली तर ती दुकानापर्यंत पोचत नाही. आणि मी मारलेली पोचली, तरी ते ओ देत नाहीत.

सासूबाई गेल्यावर त्यांनी पुढे येऊन राहावं म्हणून आम्ही दोघांनी किती विनवलं. मधल्या खोलीत खाट टाकली, नवा पंखा लावला. "मले तेथं करमत नाही," एवढं एक वाक्य बोलून मामाजी आपली गोधडी घेऊन परत मागघरात. गिऱ्हाइकांसाठी विणणं त्यांनी केव्हाच सोडलं, आता घरचेच पंचे विणतात. दिवसभरात वीतभर कापड होतं. पण सकाळचा चहा घशाखाली उतरला की माणूस मागावर.

तेही एक वेळ चाललं असतं. पण आमचा माग खड्ड्याचा आहे. जमिनीत कंबरेएवढा खड्डा, त्याच्या काठावर बसायचं, पाय आत सोडायचे आणि खालच्या पावड्या पायाने दाबत विणायचं. जो माणूस जन्मभर त्या खड्ड्यात उतरला आणि चढला, त्याला सांगायचं कसं की तुमचे गुडघे आता तुमचे राहिले नाहीत? सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

मग जे व्हायचं ते झालंच. एका सकाळी त्यांचा उजवा गुडघा खड्ड्यात आखडला. ना पाय वर घेता येईना, ना अंग मागे रेलता येईना. मी दुकानात एकामागून एक मिक्सर चालवून पाहत होते, आमचे हे आसगावकडच्या राईस मिलमध्ये कामाला गेलेले. दुपारी जेवायला बोलवायला गेले तेव्हा मामाजी घामाने निथळत होते आणि त्यांचं धोतर ओलं झालं होतं. ते मी पाहिलं नाही असं दाखवलं, आणि मी पाहिलं नाही असं त्यांनी मानून घेतलं. तीन तास हाका मारल्या म्हणाले. मी काखेत हात घालून त्यांना ओढून वर घेतलं. तेव्हा मला त्यांचा इतका राग आला होता आणि स्वतःचा त्याहून जास्त, की जेवणाचं ताट मी त्यांच्यापुढे आदळलं. ती तीन तासांची गोष्ट पुन्हा या घरात घडू द्यायची नाही, एवढं मी त्या दिवशी ठरवलं.

उपाय सुचवायला मात्र सगळी आळी तयार. मोबाईल द्या म्हणे. मोबाईल आहे. तो पिशवीत, पिशवी खुंटीवर आणि खुंटी समोरच्या भिंतीवर. हाताशी ठेवला तर इकडून तिकडे धागा नेणाऱ्या धोट्याला अडतो म्हणतात. मग मी साधी वायर ओढून घंटी बसवली, छपरावरून. आठ दिवसांत वांदरांनी ती उपसून शेजाऱ्याच्या चिंचेवर नेली. आमचे हे म्हणाले, "काहून एवढी खटपट करून राहिली? देवळातल्यासारखी मोठी घंटा टांगून दे न." अहो, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी घंटा तुमचे वडील जीव गेला तरी वाजवतील का? आपण खड्ड्यात अडकलोय हे त्यांना घराबाहेर कुणालाही कळू द्यायचं नव्हतं.

मी भंडाऱ्याला आयटीआय केलंय, इलेक्ट्रॉनिक्समध्ये. लग्नात त्याचं कौतुक झालं आणि नंतर लोकांना त्याचा उपयोग रिमोटचे सेल बदलून घेण्यापुरता उरला. म्हटलं, आता हे शिक्षण सासऱ्यांच्या कामी येऊ दे. बिनतारी सामान मागवलं. एक संदेश पाठवणारा प्रेषक, एक तो घेणारा ग्राहक, दोन्ही बोटाच्या पेराएवढे. प्रेषक डबीत घालून, वर लाल बटण लावून डबी मागाच्या खांबाला बसवली, मामाजींचा डावा हात सहज पोचेल अशी. ग्राहक दुकानात. बटण दाबलं की दुकानात घंटी वाजेल, दिवा लागेल आणि माझ्या टेबलाची वीज आपोआप तुटेल, म्हणजे चालू मिक्सरसुद्धा गप्प होईल. सगळं बसवून मी मामाजींना म्हटलं, "मामाजी, काही लागलं की हे दाबा."

"बरं," ते म्हणाले.

बटण दाबलं आणि काही झालं नाही. म्हणजे अंगणापर्यंत झालं. बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं, ग्राहक हातात घेऊन मी मागघरातून निघाले, विहिरीपाशी घंटी वाजली, स्वयंपाकघराच्या दारात अडखळत वाजली, मधल्या खोलीत मेली. सामानासोबत आलेला अँटेना म्हणजे स्प्रिंगसारखी गुंडाळलेली चिमुकली तार. तिच्याकडून टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काम होईल. आमच्या घराला ती काय पुरणार!

मग सुरू झाला माझा वनवास. या रेडिओला सरळ तार लागते, आणि तिची लांबी वाटेल ती चालत नाही. लहरीच्या लांबीचा बरोबर चौथा हिस्सा लागतो. आमच्या सामानासाठी तो सतरा सेंटिमीटर आणि वर तीन मिलिमीटर. कमी झाली की पल्ला घटतो, जास्त झाली तरी घटतो. मी पट्टीने मोजून दोन तारा कापल्या आणि दोन्हीकडे सोल्डरचे डाग दिले. आता घंटी स्वयंपाकघरात नीट वाजायला लागली. पण मला दुकानात हवी होती, मी स्वयंपाकघरात बसून मिक्सर दुरुस्त करत नाही. दोन्ही तारा उभ्या हव्यात, एक उभी आणि एक आडवी असून चालत नाही, हे मला आयटीआयमध्ये शिकवलं होतं आणि मी विसरले होते. उभ्या केल्या. प्रेषक टिनाच्या अगदी खाली होता, तो दोन हात खाली घेतला. मधल्या खोलीत यांनी मिलमधून आणलेल्या धानाची ओली पोती बरोबर वाटेत रचली होती, ती एकटीने हलवली आणि कंबर धरून बसले. तरी मिक्सर चालू असला की घंटी हटकून मुकी. अखेर माझ्याच डोक्यात उजेड पडला, की झिजलेल्या मिक्सरच्या मोटरीत ठिणग्या उडतात आणि त्यांचा गोंगाट रेडिओला ऐकू येतो. म्हणजे दुकानच वैरी. ग्राहक उचलून वर माळ्यावर नेला आणि तिथून घंटीला वायर खाली सोडली.

वाजली! मिक्सर चालू, पंखा चालू, रस्त्यावरून ट्रॅक्टर जातोय, तरी वाजली. मी मागघरात पळत गेले आणि मामाजींना म्हटलं, "झालं!" ते म्हणाले, "काय झालं?"

तीन दिवस छान गेले. चौथ्या दिवशी सकाळी मी सवयीने मागघरात जाऊन बटणाला चिकटपट्टी लावली आणि दुकानात येऊन पाहिलं, तर घंटी नाही. डबी पाहिली तर तार गोल गुंडाळून, तिचंच टोक तिच्यात घालून, झकास गाठ मारून ठेवलेली. मी तडक यांच्यावर घसरले. केरसुणी घेऊन मागघर झाडायची यांना रविवारी हुक्की येते, म्हटलं, तुम्हीच केलं. "मी हात नाही लावला तुझ्या डबीले," हे म्हणाले. "शप्पथ." मी विश्वास ठेवला नाही. वीस वर्षं विणकराच्या घरात राहून मला गाठ ओळखता आली नाही, याची आज लाज वाटते.

तार उलगडून सरळ केली. दोन दिवसांनी पाहते तर तार नाहीच. डबीतून बाहेर पडते तिथेच कापलेली. नवी तार मोजली, कापली, डाग दिला. परत दोन-तीन दिवस, परत गायब; तिसरी आणि चौथीही तशीच गेली. यांनी उंदरावर संशय घेतला आणि मलाही तो पटला. मग उंदराचा पिंजरा आणला, त्यात भाकरीचा तुकडा लावला, आणि एक बिचारी चिचुंद्री सापडली. चोर सोडून संन्याशाला फाशी. तुटलेलं टोक मी हातात घेऊन पाहिलं होतं. एकदम सरळ, चकचकीत कापलेलं. उंदराचे दात इतके सरळ कुठले? पण मला त्या वेळी विचार करायचा नव्हता, मला फक्त कुणावर तरी चिडायचं होतं. ज्याने सामान पाठवलं त्याच्यावर चिडले, टिनावर चिडले, वांदरांवर तर त्यांचा काही संबंध नसताना चिडले.

त्याच दिवसांत दोनदा मामाजी जेवायला उशिरा आले. जेवणाची वेळ ते सहसा चुकवत नसत. त्या दोन्ही दिवशी गिऱ्हाइकांची रीघ होती, मी ताट वाढून, झाकून ठेवलं आणि दुकानात बसले. ते भिंत धरून, विहिरीपाशी थांबत थांबत आले तेव्हा भात दगड झाला होता. मी बोलले त्यांना. "तुमच्यासाठी दहा वेळा चूल पेटवू का मामाजी?" असंच काहीतरी. ते ताटावरचं झाकण काढून बसले. गार भातावर वरण ओतून जेवले.

पाचवी तार लावली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुपारचा चहा घेऊन मागघरात गेले. मामाजींची पाठ माझ्याकडे होती. नाकावर चष्मा, उजव्या हातात ती त्यांची धागे कापायची छोटी कात्री. डाव्या हाताच्या चिमटीत माझी पिवळी तार धरली होती. त्यांनी ती बोटांनी जरा चोळून पाहिली, ताण दिला आणि कच् करून कापली. कापलेला तुकडा नीट घडी घालून टाकाऊ धाग्यांच्या डब्यात ठेवला. त्या डब्यात बाकीच्या तारा होत्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी किंचाळलेच. "मामाजी! हे काय करून राहिले तुम्ही?"

ते दचकले. "काहून? धागा लोंबत होता, बाई. कापला."

"धागा नाही तो! तार आहे तार! मोजून लावते मी, एकेक मिलिमीटर मोजून! पोती उचलली, माळ्यावर चढली, त्या चिचुंद्रीचा जीव घेतला असता मी! आणि तुम्ही इथं बसून कापून राहिले!"

लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्यासमोर असा आवाज कधी चढवला नव्हता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. कात्री हातातच. मग हळू आवाजात म्हणाले, "मले सांगाचं न आधी."

"काय सांगायचं?"

"का ते कामाचं हाय म्हून. तू म्हटलं, हे दाबा. तारेचं काही म्हटलं का तुनं?"

नव्हतंच म्हटलं. यांना समजावलं होतं, शेजारणीला समजावलं होतं, ज्याच्याकडून सामान घेतलं त्याच्याशी फोनवर अर्धा तास लहरींबद्दल वाद घातला होता. ज्याच्या हाताशी ती डबी होती, त्या माणसाला मी फक्त बटण दाखवलं होतं. आणि हा माणूस कोण, तर ज्याच्या कापडाला जन्मात कधी सुटं टोक राहिलं नाही तो. व्यापारी लुगडं उलटं करून मागच्या बाजूने तळहात फिरवायचा, आणि एक धागा जरी हाताला लागला तरी अख्खं लुगडं परत फेकायचा, हे मी त्यांच्याच तोंडून शंभरदा ऐकलंय. लोंबणारं टोक दिसलं की त्यांचा हात आपोआप जातो. माझ्या पदराचा दोरा निघालेला असला तरी ते कात्री पुढे करतात. पहिल्यांदा त्यांनी गाठ मारून पाहिली, मी ती सोडली, म्हणून मग कापायला लागले. एवढं साधं होतं.

राग अजून उतरला नव्हता. म्हणून मी म्हटलं, "तार कापली की घंटी पुढं येतच नाही मामाजी. समजा तुमचा पाय आखडला असता आणि तुम्ही बटण दाबलं असतं, तर?"

ते कात्री खाली ठेवत म्हणाले, "दाबलं होतं न."

"केव्हा?"

"दोनदा. मागच्या हप्त्यात एकदा, अन् त्याच्या आधी एकदा."

मला एकदम तो दगड झालेला भात आठवला. "मग मी आले नाही तर तुम्हाला काय वाटलं?"

"का वाटणार हाय. मले वाटलं, तुनं ऐकलं असंल. गिऱ्हाईक असंल. कामातून येणं नसंल होत." त्यांनी मागाच्या दोरीकडे हात दाखवला. "मंग ते धरून आलो हळूहळू वर. दीड-दोन घंटे लागले."

चहा माझ्या हातात होता. तो मी जमिनीवर ठेवला. माणूस खड्ड्यात अडकून दोन तास बसला, त्याने मला बोलावलं, मी आले नाही, आणि मी ऐकूनही आले नाही असं त्याने धरून चाललं. तसं धरून तो भिंतीला धरत पुढे आला आणि माझी बोलणी खात गार भात जेवला. त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. माझ्यावर इतका कमी भरवसा ठेवायचा आणि त्याबद्दल रागही धरायचा नाही, हे मला सहन होईना. मी रडले. मामाजी घाबरून म्हणाले, "नाही कापत आता, बाई. लाव तू दुसरी."

दुसरी लावली. या वेळी मात्र आधी सांगितलं सगळं. ही तार इथून बोलते, माळ्यावरची तार ऐकते, आणि दोघींची लांबी एकसारखी लागते. त्यांनी पट्टी मागून घेऊन स्वतः मोजली. म्हणाले, पण ही अशी लोंबती ठेवली तर माझा हात पुन्हा जाईल, मी माझ्या हाताचा भरवसा देत नाही. मग बांबूची एक कामटी त्यांनी तासून बारीक केली, तार तिच्यावर सरळ ठेवली आणि खालपासून वरपर्यंत सुती धाग्याने गुंडाळून, शेवटचं टोक आत दाबून टाकलं. कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, धाग्याचा पत्ता लागत नाही. तार वाकायची बंद झाली, काठीसारखी उभी राहिली. त्या दिवसापासून घंटी दुकान ओलांडून रस्त्यापलीकडच्या पानठेल्यापर्यंत वाजते, ग्राहक हातात नेऊन मी पाहिलं. माझ्या पाच तारांनी जे केलं नाही ते मामाजींच्या एका कामटीने केलं, हे कबूल करताना मला फार आनंद झाला असं नाही.

पण माझ्या मनातला काटा पल्ल्याचा उरला नव्हता. पल्ला कितीही वाढवा, खड्ड्यात बसलेल्या माणसाला काय कळणार, पुढे पोचलं की नाही? पत्र टाकलं की आपण पोच मागतो. म्हणून मी उलट दिशेचा दुसरा जोड बसवला. घंटी वाजली आणि मी दुकानातली कळ दाबली, की मागघरात त्यांच्या डोळ्यांसमोर हिरवा दिवा लागतो. आपोआप लागेल असा करता आला असता, मी मुद्दाम केला नाही. मी ऐकलं, माझ्या हाताने कळ दाबली, तरच लागेल. त्यालाही दोन तारा, दोन कामट्या. पुन्हा आठ दिवस नाकी नऊ. त्याचं पुराण सांगत नाही.

मग मामाजींनी मला त्या दिव्यापायी हैराण केलं. दिवसातून सहा-सहा वेळा घंटी. टेबलाची वीज जाते, गिऱ्हाइकाचा मिक्सर अर्ध्यात थांबतो, मी कळ दाबून धावते, आणि मामाजी चष्म्यातून त्या दिव्याकडे पाहत बसलेले. "काही नाही. लागते का पायलं." एकदा तर म्हणाले, हिरवा जरा फिका झाला काय. वाटायचं, सांगावं की उगाच दाबू नका. पण असं एकदा सांगितलं की हा माणूस खरी गरज असतानाही दाबणार नाही, हे मला पक्कं ठाऊक. म्हणून दात खाऊन धावत राहिले.

गेल्या पंधरवड्यात घंटी वाजली तेव्हा दुकानात एक बाई पंखा घेऊन आलेली. "वाजू द्या न, तुमच्या बुढ्याचं रोजचंच हाय," ती म्हणाली. मी कळ दाबली आणि गेले. या वेळी खरंच पाय आखडला होता. मामाजी दोन्ही हातांनी मागाचा खांब धरून, ओठ दाबून बसले होते, आणि समोर हिरवा दिवा लागलेला होता. मी धापा टाकत होते.

"कायले पळत आली?" ते म्हणाले. "हिरवा लागला होता. दमानं याचं."

मी खड्ड्याच्या काठावर बसून त्यांच्या काखेत हात घातला. ते जरा मागे रेलले, आणि दिव्याकडे पाहत म्हणाले, "त्या दोन दिवशी हा असता, तं एवढं लांब नसतं वाटलं बाई."

एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याबद्दल केलेली ही एकच तक्रार. पायावर जोर देऊ नका म्हटलं आणि त्यांना वर घेतलं.